दुसऱ्याची साक्ष

१२ जानेवारी

आजी,

तुझ्या गुडघ्यांना आणि जिभेला, दोन्हींना आराम असो. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून लिहूनच कळवते.

काल म्हाताऱ्या मालकांनी ह्याला कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाची दुसरी किल्ली दिली. आधी काही सांगितलं नव्हतं. दुपारी चहा पिऊन झाल्यावर खिशातून काढली आणि ह्याच्यापुढे ठेवली. "माझे हात आता कापतात. कानस सरळ चालत नाही. वर्षभरात मी मुलीकडे जाईन, मग दुकान तूच बघ," म्हणाले. हा घरी आला तो जेवलाच नाही. ती किल्ली टेबलावर ठेवून बघत बसला.

तुला त्याचं मोल कळेल, म्हणून एवढं लिहिलं. एकोणिसाव्या वर्षी गोदामाचं कुलूप तोडलं म्हणून दोन वर्षं आत होता, आणि आज गावभरच्या घरांच्या किल्ल्या ह्याच्या हाताखालून जातात. दुकानात एक फळी आहे. तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला कोणाच्या तरी घराची किल्ली. लोक ठेवून जातात आणि संध्याकाळी नेतात. एकानं जरी मनात शंका घेतली तरी ती फळी रिकामी होईल.

मी तुलाच सांगितलंय. आईलाही नाही. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात शेजारच्या टेबलावर काचा घासणारी चिमणी आहे ना, तिच्यापुढे एकदा मी निम्मं बोलून गेले होते आणि मग जीभ चावली. तेवढं सोडलं तर तूच. जपून हं.

तुझी बयो

*

२४ जानेवारी

बयो,

पत्र पोचलं. माझी जीभ आराम करायला लागली की समज मला पुरायला नेलं.

किल्लीचं वाचून बरं वाटलं. मालक शहाणा दिसतो. आधी सांगून दिली असती तर तुझ्या नवऱ्यानं नको नको केलं असतं. जावईबापूंना म्हणावं, जेवण सोडून किल्ली बघू नये. ती काय पळून जाते?

इकडचं ऐक. माझे कान गेल्यापासून मला बायकांच्या साखळीतून काढलं. तुला साखळी माहीत आहे. बुधवारी एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला फोन करायचा आणि कोणासाठी प्रार्थना करायची ते सांगायचं. सात जणी आहेत. मी चौथी होते. आता म्हणतात, "आजी, तुम्ही दम्याच्या जागी जन्म ऐकता, मग आम्ही धन्यवाद देत बसतो." हसल्या सगळ्या. हसू देत.

गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत साक्षीची वेळ झाली, ज्याला देवाचा अनुभव सांगायचा त्यानं उठायचं. पेटी वाजवते ती बाई उठली. तिची छत्री हरवली होती, प्रार्थना केली, सापडली. वीस मिनिटं छत्री. अगं, ती छत्री तिच्या सुनेनं उचलली होती, मला चपलांच्या फळीपाशी दिसली होती! म्हटलं, देवाला काय एवढंच काम उरलंय? मग मीही उठले. देव माणसाला कुठल्या कुठं आणून ठेवतो त्यावर बोलले. थोडंच. नाव कोणाचं घेतलं नाही. पण रुमाल निघाले बरं का. पाळक पुढे येऊन माझा हात धरून म्हणाले, "आजी, ही खरी साक्ष." पेटीवालीला पुढच्या गाण्याचा सूर सापडेना.

तुझ्या गोष्टीची काळजी करू नकोस. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तुझी आई म्हणते. भिजतो म्हणावं, आणि मी तो गिळते.

आजी

*

२ मार्च

आजी,

हे पत्र नीट लिहिता येणार नाही.

मंगळवारी एक बाई दुकानात आली. महिन्यापूर्वी तिनं दाराची किल्ली करून घेतली होती. दुकानात चार माणसं उभी. तिनं सगळ्यांसमोर ह्याला विचारलं, "माझ्या किल्लीची आणखी एक स्वतःसाठी करून ठेवली नाहीस ना? तू आत जाऊन आलायस, कळलंय मला." ह्यानं हातातली कानस खाली ठेवली. मालकांनी वर बघितलं. हा "नाही" म्हणाला असता तरी ते कशाचं "नाही", ते कोणाला कळलं असतं?

दुसऱ्या दिवशी तीन किल्ल्या लोकांनी परत नेल्या. काम झालेलं नसताना. मालकांनी फळी आत नेली.  ह्याला काढलं मात्र नाही. काढलं असतं तर निदान घरी येऊन ओरडता तरी आलं असतं.

ही चिमणीचीच करणी. दुसरं कोण? मी तिच्या टेबलापाशी जाऊन सगळ्यांसमोर बोलले. "काचा घासतेस तशी जीभ घासत जा," असं म्हणाले. ती रडायला लागली, शपथा घ्यायला लागली. मी ऐकलं नाही. गिऱ्हाइकं बघत होती. आमचे साहेब म्हणाले, "घरचं घरी ठेवा." आता ती टेबल बदलून भिंतीकडे बसते.

तू आमच्यासाठी प्रार्थना कर. आणि मी काय करू तेही सांग.

बयो

*

११ मार्च

बयो,

पत्र वाचलं. वाईट झालं.

माणसाच्या तोंडाला दार नसतं. योगायोग बघ, परवाच पाळकांनी जिभेवर उपदेश केला. जीभ म्हणजे एवढीशी ठिणगी आणि रान पेटवते, वगैरे. चांगले बोलले. मी पेटीवालीला कोपरानं ढोसलं, तिला लागू होतं म्हणून.

चिमणीला क्षमा कर. आपण ख्रिस्ती माणसं. तिनंच सांगितलं असेल असंही नाही. गाव म्हटलं की बोलणं आलंच. कोणी सांगितलं ते शोधत बसू नकोस, त्यातून काही निघत नाही. जावईबापूंना धीर दे. वेळ गेली की लोक विसरतात.

माझे गुडघे तसेच. इकडे पाण्याचा नळ दोन दिवस बंद होता.

आजी

*

२९ मार्च

आजी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्यासारखं वाटलं नाही. तू आणि "शोधत बसू नकोस"? आमच्या घरातली एक बशी फुटली तर तू सगळ्यांना ओळीत उभं करायचीस.

चिमणीवर रागावून मी एक मूर्खपणा केला, तो आता कळतोय. ऐक. दुकानात आलेल्या त्या बाईला मी रस्त्यात गाठलं आणि विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? ती काही वाईट बाई नाही. लाजली. म्हणाली, "माझ्या बहिणीनं फोनवर सांगितलं. तिला तिच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांकडून कळलं. प्रार्थनेसाठी म्हणून. किती सुंदर साक्ष होती म्हणे. तुरुंगात गुडघे टेकून रडला, आणि ज्या हातांनी कुलूप फोडलं त्याच हातांत देवानं किल्ल्या ठेवल्या." मग तिला तिच्या स्वतःच्या दाराची आठवण झाली.

आजी, हा तुरुंगात कधी गुडघे टेकून रडला नाही. तिथं त्यानं दोन वर्षं जाजमं विणली आणि त्याचे दात दुखायचे. एवढंच तो सांगतो. हे गुडघे कोणी टेकवले? आणि ते हातांचं वाक्य. चिमणीला असं वाक्य जन्मात सुचणार नाही. ती साधी आहे.

तुला काही सुचतं का?

बयो

*

४ मे

बयो,

पाच आठवडे झाले. तब्येत ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. लिहायला तोंड नव्हतं.

मी सांगितलं. जानेवारीत, भर उपासनेत, उभी राहून. नाव घेतलं नाही. पण "माझ्या नातीचा नवरा, किल्ल्या बनवतो" असं म्हटलं. मग नाव घ्यायचं उरलं काय? गुडघे मी टेकवले. खरी गोष्ट कोरडी होती, आणि बायकांना साक्षीत थोडं पाणी लागतं. हातांचं वाक्य माझंच. घरून जुळवून गेले होते. इस्त्री करताना दोनदा म्हणून बघितलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

छत्री नुसतं निमित्त, पेटीवालीला हरवायचं होतं मला. साखळीतून काढलेल्या म्हातारीकडेही सांगण्यासारखं आहे, हे दाखवायचं होतं. देवाचं नाव वर आणि माझं खाली, असं ते होतं.

तुझं पत्र आल्यावर मी पाळकांकडे गेले. म्हटलं, रविवारी उभी राहते आणि सगळ्यांपुढे माफी मागते. ते भले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी कडक बोलले. "आजी, तुम्ही माफी मागाल आणि ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. आता तुम्हाला बसूनच राहावं लागेल." मी म्हटलं, "तुम्हीच तर हात धरून खरी साक्ष म्हणालात." ते खाली बघायला लागले. म्हणाले, "हो. मीही विचारलं नाही, ती कोणाची म्हणून."

मग सातही जणींकडे गेले. पायी. गुडघ्यांना म्हटलं, आता तक्रार करायची नाही, तुम्हीही त्यात आहात. एकेकीच्या घरी बसले. सात चहा झाले. प्रत्येकीला विचारलं, तू काय सांगितलंस? प्रत्येकीनं एकच सांगितलं, "मी काही चहाडी नाही केली हो, फक्त प्रार्थनेसाठी सांगितलं." दातांच्या डॉक्टरची आई, जिची बहीण तुमच्या गावात आहे, दुकानात आलेली तीच, ती तर रडली. ती मनापासून प्रार्थना करत होती ग. रोज, वेळ लावून. तिला मी काय बोलणार? बोलायला गेले होते तिखट, आणि परत आले तोंड पाडून. मलाही कोणी विचारलं असतं तर मी हेच म्हटलं असतं.

आता दुसरं. हे जास्त वाईट. पहिल्या वेळी निदान कोणाचं वाईट होईल हे मनात आलं नव्हतं. पण अकरा मार्चचं पत्र मी बसून लिहिलं. विचार करून. तुझं पत्र वाचताक्षणी मला कळलं होतं की हे माझंच. तरी मी तुला चिमणीला क्षमा करायला सांगितलं. जिनं काही केलं नाही तिला. आणि वर ख्रिस्ती म्हणून. ते कागदावर आहे. मला वाटलं तरी ते माझं नव्हे असं म्हणता येणार नाही.

आयुष्यभर मला एकच अभिमान होता. मी खरं बोलते, कोणाला आवडो न आवडो. आता कळतंय, खरं असलं म्हणून ते माझं होत नाही.

मी तुमच्या मालकांना पत्र लिहू का? तू म्हणशील तसं.

आजी

*

१५ मे

आजी,

मालकांना लिहू नकोस. कृपा करून.

तुझंच ते, हे मला मार्चमध्येच कळलं होतं. ते वाक्य ऐकलं तेव्हाच, रस्त्यात, भाजीची पिशवी हातात असताना. तरी मी तुला विचारलं. म्हटलं, ती स्वतः सांगेल. मग पाच आठवडे रोज दुपारी पोस्टमन गेला की दार उघडून बघायचे. तू सांगितलंस, हे बरं केलंस. पण मला हलकं वाटलं नाही. मला वाटलं होतं, वाटेल.

चिमणीची माफी मागितली. ओरडले होते सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली. आजी, ते "ठीक आहे" मला ओळखता येतं. ती अजून भिंतीकडेच बसते. पूर्वी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. आता ती बारा वाजता खाते आणि मी एकला. तुझ्यावर रागावू म्हटलं तर तिच्यावर जीभ मीच चालवली, ती काही तू चालवली नाहीस. मी तुझीच नात.

दुकानाचं म्हणशील तर मालकांनी पुतण्याला बोलावून घेतलं. तो गल्ल्यापाशी बसतो. त्याला कानस कुठल्या बाजूनं धरायची तेही ठाऊक नाही. कोणाचं दार अडकलं आणि हाक आली तर पुतण्याच जायचा, आणि येऊन ह्याला विचारायचा, कसं उघडायचं? हा सांगायचा. दुसरी किल्ली ह्यानं स्वतःच परत केली. मालकांनी मागितली नव्हती. घेतली मात्र लगेच.

ह्या महिन्यापासून हा लोखंडी कपाटांच्या कारखान्यात जातो. दारं बसवतो. कुलपं दुसरा माणूस लावतो.

तुझं पत्र मी ह्याला वाचून दाखवलं. तुला विचारून मग दाखवणार होते, पण तुला विचारायचं म्हणजे आणखी दहा दिवस.  म्हणाला, "मीच लिहीन कधीतरी."

बयो

*

३ जून

आजी,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. तुमच्या नातीनं शब्द सांगू का विचारलं, मी नको म्हटलं.

मला राग नाही असं लिहीत नाही. ते खोटं होईल, आणि खोटं बोलणं मी महाग पडून सोडलंय. तुम्ही माझं वाईट व्हावं म्हणून केलं नाही, हे मला समजतं. तुम्ही लग्नाच्या वेळी सगळं कळूनही एकदाही मला वाकडं विचारलं नाही. माझ्या हातात ताट दिलंत. ते मी विसरलो नाही.

पण एक गोष्ट तुमच्या नातीलाही माहीत नव्हती. मालकांनी किल्ली दिली त्या दिवशी मी ठरवलं होतं की दुकान घ्यायच्या आधी त्यांना सगळं सांगायचं. न सांगता घेतलं तर तीही चोरीच. मी मार्चचा पहिला शनिवार धरला होता, त्या दिवशी दुकान अर्धा दिवस असतं आणि ते निवांत असतात. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. कारखान्यात जाताना अजून कधी कधी तोंडात येतं. ती बाई मंगळवारी आली. चार दिवस आधी.

मी सांगितलं असतं तरी त्यांनी कदाचित काढलं असतं. पण मग ते माझं सांगणं ऐकून काढलं असतं. आता त्यांना वाटतं मी लपवलं. मी लपवणार नव्हतो, हे आता कोणाला पटवणार?

गोदामातून मी नेलेला माल पोलिसांनी परत नेला, मोजून, एक वस्तू कमी नाही. मी तेव्हा सुटल्यावर गोदामाच्या मालकाच्या पायावर डोकं ठेवलं आणि तो म्हणाला, "माल मिळाला, जा आता." तसं इथं करता येत नाही. तुम्हीही करू शकत नाही. म्हणून तुम्ही सारखी माफी मागू नका. मला दर वेळी काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या नातीला पत्र लिहीत जा. ती पोस्टमनची वाट बघते.

तुमचा नातजावई

*

१२ जून

जावईबापू,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. सारखी माफी मागू नका असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माफीचं काही लिहीत नाही. पोचलं एवढं कळवते.

पेटीवाली दारात उभी होती. तिनं पाकीट बघितलं आणि विचारलं, "कोणाचं हो? नातजावयाचं का? काय म्हणतात?"

मी म्हटलं, "ते त्यांना विचार." आणि दार लावून घेतलं.

आजी